किरणं घेऊन आलेल्या हातचं दूध

अक्का, माणसं आभाळापार पाठवावीत का, हे आपलं भांडण अर्ध्यातच राहिलं. तुझं शेवटचं वाक्य होतं, "भिंत करणारा बी पाठवणाराच आसतो, दत्त्या." मी म्हणालो, "थांब, उद्या सांगतो," कारण सुपरवायझर हाका मारत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या फोनवरून शेजारच्या रझियाभाभी बोलल्या. तू गोठ्यात म्हशीची धार काढता काढता बसल्या जागी कलंडलीस आणि मग उठलीच नाहीस. उत्तर माझ्याकडेच राहिलं. खरं सांगू का, उत्तर तयार नव्हतंच. तुला ते ठाऊक असणार. 'उद्या' म्हणणारा माणूस किती पाण्यात आहे हे तुला आवाजावरून कळायचं.

आता तेरावा उरकून मी परत बंगळुरात आलोय. मशीनवर उभा राहतो, प्लॅस्टिकचा पांढरा ठोकळा शिकंज्यात आवळतो आणि तुझ्याशी बोलत राहतो. इथं कुणाला मराठी येत नाही, त्यामुळं मी पुटपुटलो तरी कुणी वळून बघत नाही. लोकांना वाटत असेल, देवाचं म्हणतोय.

या ठोकळ्यांवरून आपण किती वर्षं भांडलो! पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसली होतीस. गावाकडं आई-बाप कोयते घेऊन कारखान्यावर ऊसतोडीला जायचे म्हणून आठवीत शाळा सुटलेलं पोरगं, आणि ते म्हणतंय की मी चंद्राच्याही पलीकडं जाणाऱ्या माणसांच्या यानाच्या भिंती करतो. "आरं, आपल्या घराची मागली भिंत पडून दोन उन्हाळे झाले, ती कर की आदी." मग मी सांगायचो की अक्का, मी भिंत करत नाही, भिंतीचे नमुने कापतो. जाड, पातळ, थरावर थर. ते नमुने दुसरीकडं जातात, तिथं त्यांच्यावर किरणं सोडून बघतात किती आरपार जातात. आपल्याला इथं पृथ्वीची हवा आहे, पृथ्वीचं लोहचुंबक आहे, ते वरच्यावर किरणं अडवतं. लांब गेलेल्या माणसाला तसलं काहीच नाही. ताऱ्यांकडून येणारी किरणं सगळ्या बाजूंनी, रोज, थोडीथोडी अंगातून जात राहतात. लगेच काही होत नाही. पुढं वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो, डोळ्यात मोतीबिंदू येऊ शकतो.

"मग लोखंडाची कामून करत न्हाईत?" तू विचारलंस. हाच प्रश्न मीही कामाच्या पहिल्या महिन्यात आमच्या मॅडमना विचारला होता. मॅडम म्हणजे ज्या हे नमुने मागवतात त्या शास्त्रज्ञ. त्या म्हणाल्या होत्या की ताऱ्यांकडून येणारा जड कण धातूवर आदळला की त्याचे आणि धातूचेही तुकडे उडतात, आणि तेच आत माणसाला लागतात. हलकं, पाण्यासारखं, प्लॅस्टिकसारखं काही असलं तर बरं. मला ते नीट उमगलं नव्हतं. तुला सांगता सांगता मी अडखळलो, तर तूच म्हणालीस, "म्हंजे गोफणीचा धोंडा दगडी बांधावर मारला तर चिपा उडत्यात. कडब्याच्या गंजीवर मारला तर गंजी गिळून टाकती. आसंच ना?" असंच, अक्का. त्या दिवसापासून मी माझ्या कामाला मनातल्या मनात गंजी रचणं म्हणतो.

पण पाण्याचं ऐकल्यावर मात्र तू बिथरलीस. सूर्यावर वादळ उठलं की यानातल्या सगळ्यांनी एका छोट्या जागेत शिरायचं, आणि भोवती प्यायच्या पाण्याच्या पिशव्या, खायचं सामान रचून घ्यायचं, असा एक बेत असतो. गारपिटीत आपण सगळे गोठ्यात शिरतो तसं, हे तुला पटलं. पुढचं पटलं नाही. "हितं टँकर आठ-आठ दिस येईना आन् तिथं पाण्याच्या भिंती! कोन पाठवतंय रं ह्यांला? कुनी बोलावलंय का तिथून?" मी म्हणायचो, पाणी वाया जात नाही, भिंतीतलंच पितात. तू म्हणायचीस, "पिऊन झालं की भिंत कशाची ऱ्हाती?" दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारून आलो आणि तुला सांगितलं की वापरलेलं पाणी, सगळं म्हणजे सगळं, गाळून परत भिंतीत भरायचं. त्यावर तू जे बोललीस ते मी पुटपुटतानाही म्हणत नाही. भाभींना आठवतंय, परवाही त्या दुःखात पदर तोंडाला लावून हसल्या.

हे सगळं गमतीनं चाललं होतं. तुझा घसा बसला तोवर.

तेव्हा दुष्काळाचं पहिलं वर्ष सरून दुसरं लागलं होतं. युसूफ वडगावच्या बाजारात जनावरं मातीमोल चालली होती. बायांच्या ज्या दूध संस्थेची तू चेअरमन, तिचं दूध इतकं घटलं होतं की वरची डेअरी गाडी बंद करायच्या गोष्टी करत होती. तुला वाटलं, बैठकांमधून ओरडून आवाज गेला. मग तो परतच येईना. लातूरच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, कॅन्सरची गाठ निघाली. गाठ लहान आहे, किरणांनी जाईल, आवाजही बहुतेक वाचेल, असं ते म्हणाले. तू तिथून उठलीस, एसटीत बसलीस आणि घरी येऊन मला फोन केलास.

त्या फोनला आवाज कमी आणि वारा जास्त होता. "दत्त्या, तू दिसभर ती किरणं आडवायच्या भिंती करतोस. आन् हा डागदर म्हनतो, तीच गळ्यावर घे. मी खरं कुनाचं मानू?"

अक्का, मी किती भित्रा आहे हे तुझ्याइतकं कुणी जाणत नाही. मला गॅस बंद केला की नाही हे तीनदा बघावं लागतं. किरणांतून परत आलेला ठोकळा हातात घेतला की मी अजून हात धुऊन येतो. आणि तू मला विचारत होतीस. शिकलेल्या पुतण्याला नाही, सरपंचाला नाही. मी म्हणालो, उद्या सांगतो.

मॅडमनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, तिकडं वर ही किरणं कुणी नेम धरून सोडत नाही, ती थांबवता येत नाहीत, आणि कुठं लागतील ते ठरवता येत नाही. शिवाय त्यांची जातही वेगळी. दवाखान्यात ती मोजून, नेम धरून, रोज थोडी देतात. मधल्या वेळात चांगलं मांस स्वतःला दुरुस्त करतं, गाठीला ते तितकं जमत नाही. म्हणून रोज जायचं, मध्ये खंड पाडायचा नाही. मी हे जसंच्या तसं तुला सांगितलं. तू म्हणालीस, "म्हंजे दूध घालण्यावानी. थोडं का आसंना, रोज घालायचं. खाडा पडू द्यायचा न्हाई."

आणि गेलीस. लातूरला खोली घेतलीत, भाभी तुझ्यासोबत राहिल्या. त्यांच्या मालकांनी तुझंही घर सांभाळलं. इकडं संस्थेत तुझ्या नावाचा खाडा पडू नये म्हणून बायांनी आपापल्या दुधातून पेलाभर दूध तुझ्या नावावर घातलं, कारण सभासदाचं दूध थांबलं की त्याचं मत जातं, आणि मत नसलेली चेअरमन कशी चालेल? ज्यांच्या म्हशी आटल्या होत्या त्यांच्यासाठी हा पायंडा तूच पाडला होतास. शांताबाई त्यात सगळ्यात पुढं होती. म्हणून पुढं जे झालं ते तुला जास्त लागलं असेल.

तुझ्या तोंडावर जाळीचा मुखवटा आवळून तुला त्या फळीवर झोपवायचे. तू मला त्याबद्दल एकदाच सांगितलंस. "आत गेलं की समदे भाईर पळत्यात, दार लावून घेत्यात. मी एकटीच. मशीन घूं करतंय. तवा मला तुजी ती माणसं आठवतेत बग, यानातली. त्येंलाबी आसंच वाटत आसंल." त्यानंतर तू त्या माणसांना शिव्या देणं बंद केलंस. विचारायला लागलीस, त्यांना जेवायला काय असतं, बायका असतात का त्यांच्यात, बायकांना किरणं जास्त बाधतात का. मी म्हणालो, जास्त बाधतात असं म्हणतात. "मग त्येंची भिंत जाड कर," तू म्हणालीस. जशी काही माझ्या हातात होती.

तू परत आलीस तो दिवस वैशाखातला होता. गळ्याची कातडी काळी पडलेली, आवाज चिरका, पण आवाज होता. तशीच तू संकलन केंद्रावर गेलीस आणि सवयीनं कॅनचं झाकण उघडून वास घेतलास, हात घालून ढवळलंस. त्या दिवशी डेअरीची गाडी उशिरा आली. उन्हात ते कॅन नासलं. डेअरीनं परत पाठवलं.

दुष्काळात परत आलेलं कॅन म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. शांताबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "मी वाईट म्हनत न्हाई चेअरमनीन बाई. पर तुमच्या अंगात ती किरणं भरल्यात. दुधाला सोसली नसतील."

तू भांडली नाहीस. हेच मला अजून कळत नाही. मुकादमाच्या तोंडावर बोलणारी तू, दुसऱ्या दिवसापासून केंद्राच्या बाहेर बाभळीखाली उभी राहायला लागलीस. तिथून चिरक्या आवाजात फॅट विचारायचीस, लिटर विचारायचीस. आत पाय नाही. घरच्या म्हशीची धारही भाभी काढायच्या. मग मला फोन केलास, "खरं सांग दत्त्या. ऱ्हाईलंय का माझ्या अंगात?"

नाही राहत, मॅडम म्हणाल्या. तुला दिलेल्या जातीची किरणं मशीन बंद झालं की संपतात. दिवा मालवल्यावर उजेड काही भांड्यात उरत नाही. तू म्हणालीस, मला नको सांगू, बायांना सांग. भाभींनी फोन केंद्रातल्या काट्यावर ठेवला, स्पीकर लावला. इकडं मी वर्कशॉपच्या जिन्यात उभा. तिकडून बांगड्यांचे, कॅनचे आवाज. मी दिव्याचं सांगितलं. मग शांताबाईचा आवाज आला.

"दत्तू, तुजे ते ठोकळे किरणं खाऊन म्हागारी येत्यात म्हनं. त्येला तू लगीच हात लावतोस का?"

सगळं माझ्यावर आलं. खोटं बोललो असतो तर तिथंच मिटलं असतं. मी म्हणालो, "न्हाई. थोडा येळ बाजूला ठेवत्यात, मोजत्यात, मगच आमच्याकडं देत्यात."

"बगा!" शांताबाई म्हणाली.

मी घाईघाईनं सांगत सुटलो की ती किरणं निराळी, जड, ती वस्तूत थोडं काही मागं ठेवू शकतात, अक्काची तसली नव्हती. पण गलका झाला होता. त्या गलक्यात बाहेर बाभळीखालून तुझं हसू ऐकू आलं. "माझ्या भावाला खोटं बोलता येत न्हाई, ह्येच वाईट हाय." मला रडू आलं होतं, आणि तू हसत होतीस.

तोडगा भाभींनी काढला. म्हणाल्या, "दत्ताभाऊ ठोकळे कसे तपासतेत? एक किरणातला, एक बिनकिरणाचा, दोन्ही शेजारी ठेवून. आपुन बी ठेवू की." एक कॅन तुझ्या हातचं, एक शांताबाईच्या हातचं. दोन्ही एकाच सावलीत, एकाच ओल्या पोत्याखाली. दोन दिवस गाडी वेळेवर आली, दोन्ही चांगली राहिली. बाया म्हणाल्या, अजून बघू. तिसऱ्या दिवशी गाडीचा टायर फुटला, गाडी दुपार कलल्यावर आली, आणि दोन्ही कॅन नासली. एकदम, एकसारखी.

त्या दिवशी नुकसान दुप्पट झालं, तरी बाया हसत सुटल्या असं भाभी सांगतात. कुणीतरी तुझा हात धरून तुला आत ओढलं. पुढच्या बैठकीत तू गाडीच्या वेळेवरून डेअरीच्या साहेबाला असं फैलावर घेतलंस की गाडी उजाडायच्या आत यायला लागली. संस्था टिकली. तुझा आवाज शेवटपर्यंत थोडा चिरकाच राहिला, बैठकीत तो जास्तच धारदार लागायचा म्हणे.

फक्त शांताबाई जरा लांबच राहिली. दूध घालायची, बोलायची, तुझ्या बाजूनं मत द्यायची. पण तुझ्या हातून चहाचा कप घेत नसे. तू तो ओट्यावर ठेवायचीस, मग ती उचलायची. मी एकदा चिडून म्हणालो, एवढं दाखवून दिलं तरी? तू म्हणालीस, "आसू दे. डोक्याला पटलं तिच्या. हाताला पटायला येळ लागतो. तुला तरी कुठं पटलंय? तू आजून ठोकळा धरून हात धुतोस." मग माझं चिडणंच बंद झालं.

तुला एक सांगायचं राहिलं. तुझ्या त्या दीड महिन्यात मी रोज कामावर जाताना स्वतःला म्हणायचो, अक्का तिकडं फळीवर झोपली आहे, तर तू इथं मशीन तरी नीट चालव. माझी भीती त्यानं गेली नाही, पण ठोकळे मापात उतरायला लागले. माझी शाळा सुटली त्या दिवशी तू मला कोयत्याऐवजी केजच्या वेल्डिंगच्या दुकानात नेऊन सोडलंस, म्हणून मी आज इथं आहे, हे मी तुला हजारदा म्हणालो असेन. पण हे दुसरं एकदाही म्हणालो नाही. तुला ते ऐकून हसू आलं असतं, म्हणून.

भाभींचा फोन आल्यावर मी मिळेल त्या गाडीनं निघालो. सोलापूरपर्यंत रेल्वे, पुढं एसटी. मला यायला दुसरी सकाळ झाली. माझ्यासाठी तुला ठेवलं होतं. दारात बायाच बाया, आणि केंद्रावर कॅन ओळीनं लावलेली. क्षणभर मला राग आला की आजच्या दिवशीही दूध घेतलं? भाभी म्हणाल्या, "गाडी आत्ताच गेली, दत्ताभाऊ. चेअरमननं बंद ठेवलं असतं का?" नसतं ठेवलंस.

यंदाही पाऊस रुसलेला, आडाला तळ लागलेला. तुला आंघोळ घालायला प्रत्येक घरातून तांब्या-दोन तांबे पाणी आलं होतं, घंगाळ भरलं होतं. बायांनी लुगड्यांचा आडोसा धरला. माहेरचं लुगडं भावानं द्यायचं असतं, ते मी सोलापुरातच घेतलं होतं, हिरवट काठाचं. मी आडोशाच्या कडेनं हात आत केला आणि "घ्या" म्हणालो. घेणारे हात कोपरापर्यंत ओले होते. शांताबाई.

तिनंच तुला घासून आंघोळ घातली, केस विंचरले, गळ्यावरचा तो काळसर डाग हळद लावून पुसून घेतला. दुसऱ्या कुणाला पुढं येऊ दिलं नाही म्हणे. माती देऊन आलो, सगळे पांगले, तेव्हा ती ओट्याच्या टोकाला एकटीच बसली होती. मी शेजारी बसलो. मनात होतं तेच तोंडून निघालं.

"शांताबाई, तुमाला तवा लई भ्या वाटत होतं अक्काचं. कवा गेलं?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

"कुठं गेलंय?" ती म्हणाली. "आजून वाटतंय की. सकाळी बी वाटत व्हतं. पर म्हनून काय तिला तशीच पाठवायची?"